झाकण नसलेला कॅन

आर्डिस क्वामे ही मातीत हात घालणारी बाई नव्हे, हे आधीच सांगून टाकते. तिचं आजचं परसदार बघून कुणालाही वाटेल की ही जन्मभर बागकामच करत आली. छे! शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं उमेदीची सगळी वर्षं काढली आणि अर्ध्या गावाला जेवू घातलं. घरी आली की आधी बूट दाराबाहेर, मग हात धुणं, मग बाकीच्या गप्पा. भांडी पुसायच्या फडक्यांना इस्त्री करणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली, ती ही. तिच्या खिडकीत कधी साधी कुंडी नव्हती. "माती बाहेर असते, व्हर्ना," ती मला म्हणायची, "तिला तिथंच राहू दे."

मी तिची शेजारीण. आमच्या दोघींच्या मागच्या दारांमध्ये कुंपण नाही, कपडे वाळत घालायची एक तार आहे फक्त. मी शाळेची बस चालवायचे. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि कुणाचं ऐकून घ्यायची मला सवय नाही. आर्डिसचा आवाज लहान, पण ऐकून घेण्याच्या बाबतीत ती माझ्याहून वाईट. आमचं जमलं ते म्हणूनच.

अशा बाईच्या पोटी सिग्ने जन्मली, हा देवाचा विनोद म्हणायचा. उशिरा झालेली, एकुलती एक. लहानपणापासून गुडघे काळे, नखं काळी, खिशात कसल्या ना कसल्या बिया. शिकायला शहरात गेली आणि कंटाळून परत आली. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात तिनं रात्रपाळी धरली. सकाळी घरी यायची ती झोपायच्या आधी मागच्या दारच्या आपल्या बागेत एक चक्कर मारून. आर्डिस दारात फडकं घेऊन उभीच. "पाय!" ती ओरडायची. रोज सकाळी त्या घरातून मला पहिला शब्द ऐकू यायचा तो हाच.

दर हिवाळ्यात, वर्षातला सगळ्यात लहान दिवस आला की सिग्ने पेरणी करायची. बाहेर ढोपरभर बर्फ, आणि ही आईच्या ओट्यावर वर्तमानपत्रं पसरून बसायची. दुधाचे प्लास्टिकचे रिकामे कॅन तिनं वर्षभर गावभरातून गोळा केलेले असायचे. कॅन मधोमध कापायचा, मुठीखाली थोडा जोडलेला ठेवायचा, म्हणजे वरचा भाग पेटीच्या झाकणासारखा उघडतो. बुडाला तापवलेल्या सळईनं भोकं पाडायची, ओली माती भरायची, बी टाकायचं, कापलेल्या जागी चिकटपट्टी गुंडाळायची आणि उचलून थेट बर्फात नेऊन ठेवायचा. त्या शेवटच्या हिवाळ्यात मीही पट्टी फाडून द्यायला बसले होते.

"अगं, बाहेर उणे वीस आहे," आर्डिस म्हणाली. ती स्पंज घेऊन डोक्यावर उभी होती. "निदान तळघरात तरी ठेव."

"आई, या बियांना थंडी लागावीच लागते. चांगलं गोठून निघाल्याशिवाय त्यांना जाग येत नाही. घरात लाडात ठेवल्या तर झोपूनच राहतील."

"तुझ्या बापासारख्या."

"मी ऐकतोय हं," वर्तमानपत्रामागून ऑरिन म्हणाला. ऑरिन म्हणजे आर्डिसचा नवरा. दिवसातून बोलायचा तो एवढंच.

"बरं, झाकण तरी लाव," आर्डिस म्हणाली. सिग्ने प्रत्येक कॅनचं तोंडावरचं झाकण काढून कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकत होती.

"झाकण नसतं लावायचं. वरून बर्फ आत पडला पाहिजे, पाऊस पडला पाहिजे. आणि श्वास नको का घ्यायला त्यांना?"

"बियांना श्वास!" आर्डिस माझ्याकडे वळली. "हिला कॉलेजात आम्हीच पाठवली होती ना गं व्हर्ना?"

सिग्ने काळ्या मार्करनं कॅनांवर फुलांची नावं लिहीत होती. मी म्हटलं, "बये, मार्कर उन्हानं उडतो. वसंतात सगळे कॅन कोरे होतील. पेन्सिलीनं लिही."

"माझ्या लक्षात राहील, व्हर्नामावशी," ती म्हणाली. मी पुढे वाद घातला नाही. ते कॅन मग मागच्या पायरीपाशी बर्फात ओळीनं जाऊन बसले, उघड्या तोंडांनी.

जानेवारीत एका सकाळी कामावरून येताना पुलाजवळच्या वळणावर तिची गाडी घसरली. आमच्याकडे रस्त्यावर कधीकधी बर्फाचा असा पातळ थर धरतो की डांबरच दिसतं, बर्फ दिसत नाही. त्या वळणावरून मी वर्षानुवर्षं पोरांनी भरलेली बस नेली आणि एकदाही घसरले नाही. सिग्ने एकटीच होती, सावकाश चालवत होती, आणि ती गेली. यात न्याय कुठे आहे ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. पास्टरनं प्रयत्न केला, पण मी त्याला कोट घालून घरी पाठवला.

जानेवारीत मेलेल्या माणसाला आमच्याकडे पुरता येत नाही. जमीन कुदळीला दाद देत नाही. चर्चमध्ये प्रार्थना होते, गाणी होतात, खाली तळघरात हॅमचे सँडविच आणि कॉफी होते, आणि मग पेटी टेकडीवरच्या दगडी कोठीत जाते. कोठीला लोखंडी दार, दाराला कुलूप. वसंतात जमीन सैल झाली की लाइल, आमचा खड्डे खणणारा, घरी फोन करतो, आणि मग सगळे दुसऱ्यांदा जमतात. दोनदा रडायचं, एवढंच. माझे वडीलही त्या कोठीत राहिले होते, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. सिग्नेचं वाटलं.

चर्चमधलं सगळं आटोपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून बघते तर आर्डिस मागच्या दारी बर्फात गुडघ्यांवर बसलेली. अंगात चर्चचा चांगला कोट, हात उघडे. शेजारी कॉफीचा तो डबा. एकेका कॅनच्या तोंडावरचा बर्फ बोटानं काढून ती झाकणं फिरवून बसवत होती.

मी बूट चढवून गेले. "काय करतेस?"

"थंडी वाजत असेल," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही. "आर्डिस, तिनं ती मुद्दाम काढून ठेवली होती."

"सिग्ने आत्ता कुठे आहे, ठाऊक आहे ना तुला? दगडात. अंधारात. तिथं मला कुणी काही करू देत नाही. इथं करू दे."

मी डबा धरून उभी राहिले. एक झाकण कमी पडलं. तिनं डबा उपडा केला, घरातले खण उपसले, ऑरिनला टेबलाखाली शोधायला लावलं. सापडलं नाही. शेवटचा कॅन तसाच उघडा राहिला, आणि त्या एका कॅननं तिचा हिवाळा खाल्ला. वारं सुटलं की ती धावत बाहेर येऊन त्याच्या तोंडावर तळहात धरून उभी राहायची. मी हाका मारून थकायचे. "एकालाच का उघडं ठेवायचं?" ती म्हणायची. "त्यानं काय केलंय?"

ऊन थोडं वर चढू लागल्यावर ते सुरू झालं. सकाळी ऊन कॅनांवर पडलं की आतून वाफ धरायची. ढग आला की ती विरायची, ढग सरकला की परत धरायची.

"व्हर्ना, बघ," आर्डिस कुजबुजली. आम्ही तिच्या पायरीवर कॉफी घेऊन उभ्या होतो. "श्वास घेतायत."

"ओली माती आहे अगं. ऊन लागलं की वाफ होते."

"कशावरून?"

मी भुताखेतांना मानत नाही. पण त्या पांढऱ्या बर्फात ती पांढरी रांग आतून धूसर व्हायची, निवळायची, पुन्हा धूसर व्हायची, आणि शेजारी ती बाई श्वास रोखून उभी असायची, तेव्हा मला तिथं उभं राहवायचं नाही. घरी येऊन मी त्या बाजूचा पडदा ओढून घेऊ लागले. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, कॅनांची नाही, आर्डिसची.

ऑरिन दर रविवारी टेकडीवर जायचा आणि कोठीच्या दारापाशी टोपी काढून उभा राहून यायचा. आर्डिस एकदाही गेली नाही. "ती तिथं नाहीये," ती भाजी चिरता चिरता म्हणायची. "ती मागच्या दारी आहे."

बर्फ वितळला. कॅनांच्या आत हिरवं दिसायला लागलं, आधी ठिपके, मग पानं. मार्करची नावं मी म्हटल्याप्रमाणे उडाली होती, आणि ज्या पोरीच्या ती लक्षात राहणार होती ती टेकडीवर होती. कोणत्या कॅनात काय, सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

लाइलचा फोन आला तेव्हा मी तिथंच होते. फोन आर्डिसनं उचलला.

"जमीन अजून कडक आहे," ती म्हणाली.

लाइलचा आवाज फोनबाहेर येतो. "आर्डिसबाई, मी स्वतः कुदळ मारून बघितलीय. लोण्यासारखी झालीय."

"तुझी कुदळ खोटं बोलते," म्हणून तिनं फोन ठेवला.

असे फोन येत राहिले. त्या हिवाळ्यात गेलेली बाकीची माणसं एकेक करून मातीत गेली. शेवटी कोठीत एकटी सिग्ने उरली. कपड्यांच्या तारेपाशी ऑरिन मला म्हणाला, "एवढ्या मोठ्या कोठीत एकटीच आहे गं ती." आणि तो ओल्या चादरीत तोंड घालून रडला. मी चिमटे लावत राहिले. तो आवाज मला आठवायचा नसला तरी आठवतो.

मी आर्डिसला धरलं. "ऐक. आता कॅन उघडायचे असतात. दिवसा ऊन वाढलं की रोपं आत शिजतात. पट्टी काप."

"ती पट्टी तिनं लावलीय. आतली हवा तिच्या हातानं बंद झालीय."

"पट्ट्या मी फाडून दिल्यात. आणि बुडाला भोकं आहेत भोकं! हवा केव्हाच गेली."

"तू आपली बस चालव."

मला राग आला. मी जायला निघाले, तेव्हा मागून ती हळूच म्हणाली, "उघडलं की संपलं, व्हर्ना. हे उघडणं आणि तो खड्डा, मला दोन्ही एकच आहे. आज हे उघडायला सांगशील, उद्या तिला ठेवून ये म्हणशील." ती बरोबरच बोलत होती. मी तेच म्हणणार होते.

मे महिन्यात आमच्याकडे एखादा दिवस असा तापतो की उन्हाळा चुकून आधी आला म्हणावं. तसा एक उजाडला. सकाळीच अंगातला स्वेटर नकोसा झाला. मागच्या दारी आवाज ऐकून मी बाहेर आले तर ऑरिन हातात खिशातला चाकू घेऊन उभा, आणि आर्डिस कॅनांच्या रांगेपुढे जमिनीवर बसलेली. मातीत. तिच्या स्वच्छ झग्यासकट.

"सरक, आर्डिस," तो म्हणत होता. "पोरीचं एवढं एक तरी वाचवू दे."

"नाही."

"रोपं मेली तर?"

"नाही म्हणाले ना!"

माझा तोल गेला. "आर्डिस क्वामे!" मी बसमधल्या आवाजात ओरडले. "मागे वळून बघ! श्वास घेतायत का?"

ती वळली. एकाही कॅनला वाफ नव्हती. आतला सगळा ओलावा आटला होता. तिनं झग्याच्या टोकानं एक कॅन बाहेरून पुसला आणि डोळा लावून पाहिलं. पानं पिवळी होऊन प्लास्टिकला चिकटली होती. ती दुसऱ्याकडे गेली, मग तिसऱ्याकडे, गुडघ्यांवर सरकत. शेवटी ती झाकण नसलेल्या कॅनपाशी पोचली.

त्यात हिरवं होतं. जाड बुंध्याचं एक रोप उजेडाच्या दिशेनं सरळ वर चढलं होतं, आणि त्याचं एक पान कॅनच्या तोंडापर्यंत आलं होतं. हिवाळाभर त्याच्या तोंडातून बर्फ आत गेला, पाऊस गेला, उन्हाची धग बाहेर पडली. आर्डिसनं कॅनच्या तोंडातून बोट घालून पानाला लावलं. पान हललं.

"याला मी झाकलं नव्हतं," ती म्हणाली.

मग ऑरिनकडे हात मागे करून म्हणाली, "चाकू."

तिनं स्वतः पट्ट्या कापल्या. प्रत्येक कॅन उघडला की त्यात तोंड घालून आधी वास घ्यायची. मी जवळ होते म्हणून सांगते, तापलेल्या मातीशिवाय कसलाही वास नव्हता. "मीच मारली गं," ती प्रत्येक वेळी म्हणत होती, अगदी हळू, कुणाला ऐकवायला नाही. एकच कॅन तिनं कापला नाही. त्यात मुळात काहीच उगवलं नव्हतं, नुसती माती होती. तो तिनं मांडीवर घेतला. "हा राहू दे," ती म्हणाली.

मग तिनं ऑरिनकडे पाहिलं. "लाइलला फोन कर. म्हणावं, जमीन नरम झालीय."

सिग्नेला आम्ही त्याच आठवड्यात मातीत ठेवलं. आर्डिसनं हातमोजा न घालता मूठभर माती टाकली. नंतर सगळे तिच्या घरी जमले, तिनं सगळ्यांना कॉफी ओतली, केक कापला, आणि मी बघत होते, त्या बाईनं दिवसभर हात धुतले नाहीत. नखांत काळी माती घेऊन ती लोकांना साखर विचारत फिरत होती.

वाचलेलं रोप पायरीशेजारी लावलं. काय आहे ते दुसऱ्या उन्हाळ्यात कळलं, आणि ऑरिन तेव्हा प्रथम मोठ्यानं हसला. पोरीनं रस्त्याकडेच्या चरातून दुधाळ चिकाचं तण आणून पेरलं होतं, रुईच्याच कुळातलं. "माझ्या बापानं हे उपटण्यात माझं बालपण खर्ची घातलं," तो म्हणाला, "आणि आता माझी बायको त्याला पाणी घालते!" आता ते सगळ्या मागच्या दारी पसरलंय. उन्हाळ्यात त्यावर फुलपाखरं असतात. शरदात शेंगा फुटल्या की बियांच्या कापसासारख्या म्हाताऱ्या उडत घरात येतात, टेबलावर, पडद्यांवर, इस्त्रीच्या फडक्यांवर बसतात. आर्डिस त्या झाडत नाही. आता हिवाळ्यातल्या त्या लहान दिवशी ती स्वतः ओट्यावर वर्तमानपत्रं पसरून बसते. नावं पेन्सिलीनं लिहिते. झाकणं काढते आणि फेकून देते, डब्यात ठेवत नाही.

तो न उघडलेला कॅन मात्र तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, झाकणासकट. पोटावर अजून सिग्नेची पट्टी, जुनी होऊन पिवळी पडलेली. त्यातली माती कधीच वाळून राखेसारखी झालीय. त्याला कुणी पाणी घालत नाही, मी तिला विचारलंय, ऑरिनलाही विचारलंय. ऑरिन असेपर्यंत तोही त्या खिडकीकडे पाठ करून बसायचा. कारण हिवाळ्यात सकाळी कधीही जा, तो कॅन आतून वाफेनं भरलेला असायचा.

वाळलेल्या मातीतून वाफ येत नाही. एवढं तर बस चालवणाऱ्या बाईलाही कळतं. मी खूप विचार केला, चिरेतून ओल जात असेल, चुलीची वाफ असेल. पण ती वाफ कॅनच्या आतच असायची, खिडकीच्या काचेवर नाही. शेवटी मी सकाळची कॉफी बंद करून दुपारी जायला लागले. दुपारी तो साधा दुधाचा कॅन असतो. आर्डिसनं कारण विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

यंदाच्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या घरची वीज गेली. घर गारठलं, तशी मी उठून तिच्याकडे गेले. आमच्यात दार वाजवायची पद्धत नाही. ती खिडकीशी पाठमोरी उभी होती. कॅन तिच्या दोन्ही हातांत, झाकण ओट्यावर काढून ठेवलेलं. कॅनच्या तोंडाला तिनं आपलं तोंड लावलं होतं आणि ती आत श्वास सोडत होती, लांब, सावकाश, छाती रिकामी होईपर्यंत. कॅन आतून पांढरा होत गेला.

तिनं मला पाहिलं. लाजली नाही, दचकली नाही.

"श्वास नको का घ्यायला तिला?" ती म्हणाली. मग झाकण फिरवून लावलं, कॅन खिडकीत जागेवर ठेवला, आणि माझ्यासाठी कपाटातून कप काढला.